रीफ टँकमधली वाळू एकदम उकरून साफ केली, तर मासे का मरतात?

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जिवंत पोवळ्यांचा फिशटँक. सुरुवातीला त्यातली वाळू पांढरीशुभ्र दिसते. काही आठवड्यांतच तिच्यावर तपकिरी थर चढतो, कधी लालसर बुळबुळीत पापुद्रा येतो. मग हौशी माणूस काय करतो? एखाद्या रविवारी हात घालून सगळी वाळू ढवळतो, नाहीतर बाहेर काढून नळाखाली धुतो. सोमवारी सकाळी मासे मेलेले.

कारण ही वाळू नुसती शोभेची नसते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांसाठी विष. वाळूच्या वरच्या थरातले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. खाली, जिथं ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी मोनॅकोत याच तत्त्वावर टँक चालवून दाखवले होते. नळाच्या क्लोरिनच्या पाण्यानं वाळू धुतली की हे जीवाणू मरतात आणि अमोनिया साचत जातो.

ढवळण्याचा धोका वेगळा. थर चार-पाच इंचांचा असेल आणि त्यात घाण मुरली असेल, तर तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तोच हा विषारी वायू. काचेतून वाळूत काळे पट्टे दिसत असतील तर तिथं हात घालूच नये. एकदम उकरलं की तो पाण्यात मिसळतो, वर पाण्यातला ऑक्सिजनही झपाट्यानं घटतो.

मग साफ कशी करायची? थर एक-दोन इंचांचा असेल तर सोपं आहे. पाणी बदलताना सायफनची नळी वाळूत खुपसायची. घाण ओढली जाते, जड वाळू खाली बसते. पण एका वेळी पाव भागच, उरलेला पुढच्या खेपांना. जाड थरात मात्र नळी फक्त वरवर फिरवायची.

थोडं काम प्राण्यांवर सोपवता येतं. नॅसॅरियस गोगलगाय सोंड तेवढी वर ठेवून वाळूत गाडून बसते आणि खाण्याचा वास आला की बाहेर येते. डायमंड गोबी मासा तोंडभर वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळतो, फक्त ती पोवळ्यांवरही सांडतो. वाळू चाळणारा तारामासा घेऊ नये. तो वाळूतले उपयोगी किडेच फस्त करतो आणि छोट्या टँकमध्ये शेवटी उपाशी मरतो. समुद्रकाकडीचा सल्लाही मिळेल, पण भारतात ती वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे.

आणि त्या थरांचं काय? नव्या टँकमधला तपकिरी थर डायटमचा, तो बहुतेकदा आपोआप जातो. लाल पापुद्रा सायनोबॅक्टेरियाचा. तो सायफननं ओढून काढायचा, खाणं कमी करायचं आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडं वळवायचं.