मूषक लेमूर

मादागास्करच्या वनांत राहणारे मूषक लेमूर हे नरवानर गणातील सर्वांत लहान प्राणी होत. त्यांतील मादाम बर्थ मूषक लेमूर या जातीचे वजन सुमारे 30 ग्रॅम भरते आणि शेपूट वगळता शरीराची लांबी 9 ते 10 सेंमी. असते. माणूस ज्या गणात मोडतो, त्याच गणातील हा जीव सहज मुठीत मावतो.

वर्गीकरणदृष्ट्या मूषक लेमूर कायरोगॅलिडी कुलातील मायक्रोसेबस प्रजातीत येतात. महामूषक लेमूर, खुजे लेमूर, लोमश कानांचे खुजे लेमूर आणि मस्तकावर द्विशाखी पट्टा असलेले लेमूर या कुलातील इतर चार प्रजातींत मोडतात. करड्या मूषक लेमूरचे शास्त्रीय वर्णन जॉन फ्रेडरिक मिलर यांनी 1777 मध्ये केले. त्यानंतर दीर्घकाळ या प्रजातीत एखाद-दुसरीच जाती मानली जाई. आज सुमारे वीस जाती ओळखल्या जातात. हे निशाचर प्राणी आपल्या जातीला गंध आणि आवाजावरून ओळखतात. त्यामुळे बाह्यरूपावरून न जाणवणारे भेद आनुवंशिक विश्लेषणानंतरच स्पष्ट झाले.

मादागास्कर आफ्रिकेपासून सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी आणि भारतीय भूखंडापासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. लेमूरांचे पूर्वज तेथे त्यानंतर, बहुधा वाहत्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून मोझांबिकची खाडी ओलांडून पोहोचले असावेत. ऊर्जा वाचवण्याची क्षमता त्यांना या प्रवासात उपकारक ठरली असावी, अशीही एक उपपत्ती आहे. दक्षिण भारतातील लोरिस हे लेमूरांचे जवळचे आप्त होत.

मूषक लेमूरांचे डोळे मोठे असून त्यांतील परावर्तक पटलामुळे अंधुक प्रकाशातही दिसते. खालच्या जबड्यातील पुढचे दात फणीसारखे असून ते केस विंचरण्यास उपयोगी पडतात. मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटावर अंग खाजवण्यासाठी टोकदार नखर असते. फळे, कीटक, मकरंद व झाडांचा डिंक हा त्यांचा आहार. कोरड्या ऋतूत काही जाती कीटकांच्या मधुर स्रावावरही निर्वाह करतात.

या प्राण्यांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची ऊर्जेची काटकसर. लहान शरीरातून उष्णता लवकर निघून जाते आणि कोरड्या ऋतूत अन्न दुर्मीळ होते. अशा दिवसांत करडा मूषक लेमूर पहाटे ढोलीत अंगाचे वेटोळे करून दैनिक सुप्तीत जातो. चयापचय मंदावतो आणि शरीराचे तापमान जवळजवळ हवेइतके उतरते. पुढे उन्हाने ढोली तापू लागली की शरीरही आपोआप तापते. मूळ तापमान गाठण्यापुरतीच ऊर्जा प्राण्याला स्वतः खर्चावी लागते. त्याच कुलातील जाडशेपट्या खुजा लेमूर शेपटीत मेद साठवून सुमारे सात महिने सुप्तीत राहतो. उष्ण कटिबंधातील नरवानरही दीर्घ सुप्तीत जातात, हे त्याच्यामुळे सिद्ध झाले.

प्रजननही ऋतूला बांधलेले आहे. दिवस मोठे होऊ लागले की मादी माजावर येते. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भावधीनंतर बहुधा दोन-तीन पिले जन्मतात. मादी पिलाला तोंडात धरून एका जागेहून दुसरीकडे नेते. घुबडे, सर्प व फोसा हा मांसभक्षक प्राणी हे मूषक लेमूरांचे प्रमुख शत्रू होत.

फळे खाऊन बियांचा प्रसार करणे हे मूषक लेमूरांचे वनातील कार्य होय. विज्ञानालाही त्यांचा उपयोग होतो. वृद्धावस्थेत काही करड्या मूषक लेमूरांच्या मेंदूत अल्झायमर रोगासारखे बदल आढळतात; त्यामुळे वार्धक्याच्या संशोधनात या जातीला महत्त्व आले आहे. फ्रान्समधील ब्रुनॉय येथे असे संशोधन चालते.

मादाम बर्थ मूषक लेमूर पश्चिम मादागास्करमधील मेनाबे प्रदेशातील पानझडी वनांपुरताच मर्यादित आहे. बर्थ राकोतोसामिमानाना या मालागासी विदुषींच्या सन्मानार्थ 2000 मध्ये या जातीला त्यांचे नाव देण्यात आले. ही वने जाळून तेथे मक्याची शेती केली जात असल्याने ही जाती अतिसंकटग्रस्त झाली आहे. अन्नाच्या दुष्काळावर सुप्तीचा उपाय या प्राण्याजवळ आहे. परंतु ढोलीचे झाडच नष्ट झाले, तर तो उपायही निरुपयोगी ठरतो. म्हणून मेनाबेतील उरलेल्या वनाचे रक्षण हाच या जातीच्या रक्षणाचा मार्ग होय.