इंगोलश्टाटचा झाकलेला ओढा

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात डॅन्यूब नदीकाठी इंगोलश्टाट हे शहर आहे. आऊडी मोटारींमुळे त्याचे नाव आपल्याकडे ऐकू येते. कादंबरीतला फ्रँकेन्स्टाईन विद्यार्थी म्हणून आला तो याच गावी. पण आज आम्हाला सांगायचे आहे ते तेथल्या शुटर नावाच्या लहानशा ओढ्याविषयी.

हा ओढा एके काळी जुन्या गावाच्या मधून वाहत असे. त्याच्या पाण्यावर गिरण्या चालत. काठच्या देवळातली मेरीमाता त्याच्याच नावाने, 'शुटरची माता' म्हणून पुजली जाई. एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते देऊळ पडले. मूर्ती मात्र वाचली आणि दुसऱ्या चर्चमध्ये गेली. देवळाच्या जागी आता भाजीबाजार भरतो. ओढ्याचेही तसेच झाले. गेल्या शतकात त्याचे पाणी जुन्या किल्ल्याच्या खंदकाकडे वळवले गेले आणि गावातून तो नाहीसा झाला. रस्त्याला नाव तेवढे उरले.

डॅन्यूबचे दुखणे याहून मोठे होते. १९७० च्या सुमारास वीज काढण्यासाठी शहराच्या वरच्या बाजूला बंधारे झाले. पूर जंगलात शिरेना, म्हणून नॉयबुर्ग ते इंगोलश्टाटमधले नदीकाठचे रान कोरडे पडू लागले. पुरावर जगणाऱ्या झाडांना पूर न येणे म्हणजे उपासमारच. शेवटी बंधाऱ्याला वळसा घालून रानातून सुमारे आठ किलोमीटरचा नवा ओढा खणला गेला. २०१० साली त्यात पाणी सोडले. त्याला ओटहाइनरिष या जुन्या राजपुत्राचे नाव आहे. नदी भरली की रानात मुद्दाम पाणी सोडतात. माणसाने पूर अडवावा आणि पुन्हा माणसानेच तो आणून द्यावा, हे वाचून आम्हाला हसूही आले. तेथे हे काम सरकारने आणि शास्त्रज्ञांनी केले. सगळीकडे असे होत नाही.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात पुण्याची गोष्ट पाहा. पेशवाईत आंबील ओढ्याचे पाणी वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले होते. सारसबागेतला तळ्यातला गणपती त्याच तळ्याचा. पुढे ओढ्याच्या काठावर वस्ती दाटली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला असा पूर आला की भिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली. त्याच शहरात 'जीवितनदी' नावाच्या संस्थेचे स्वयंसेवक नदीकाठाचे तुकडे दत्तक घेतात. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी आणि औंधला राम व मुळा नद्यांच्या संगमापाशी ते कचरा काढतात आणि मुलांना झाडे-पक्षी दाखवतात. घरातला साबण, दातांची पेस्ट, फरशी पुसण्याचे औषध हेच शेवटी नदीत जाते, असेही ते घरोघरी सांगतात. आमच्या मते हे काम सर्वांत अवघड. कचरा सर्वांना दिसतो, मोरीतून जाणारे पाणी कोण पाहतो?

आपल्या बेटावरही हा प्रश्न परका नाही. पूस डोंगरावरून पोर्ट लुईत उतरणारा ओढा सिमेंटच्या पाटात कोंडलेला आहे. ३० मार्च २०१३ रोजी दोनेक तासांच्या पावसात राजधानी बुडाली आणि अकरा जण दगावले. त्यांतले काही कोदांजवळच्या भुयारी वाटेत अडकले होते.

ओढा पुन्हा मोकळा करायचा तर आधी तो कोठून जात होता हे कळावे लागते. नकाशे नेहमी सापडतात असे नाही. आपल्या गावात गणपतीचे विसर्जन पूर्वी कोणत्या घाटावर होई, आजी कपडे धुवायला कोठे जात, कोणत्या वळणावर पावसाळ्यात पाणी चढे, हे अजून काही वडीलधाऱ्यांना आठवते. येत्या रविवारी त्यांना विचारावे आणि उत्तर वहीत उतरवून ठेवावे.