गाडीचा दिवा मंद का? दोष बल्बचा नव्हे, वायरीचा

पावसाळ्यातली रात्र होती. बाजार आटोपून आम्ही जुन्या जीपने घरी निघालो होतो. मागच्या बाकावर आई, सौभाग्यवती आणि दोन मुले. ओढ्याच्या वळणावर समोरून ट्रक आला, म्हणून मी डिपर मारला, आणि आमचे दोन्ही दिवे एकदम गेले. पाठोपाठ डॅशबोर्डाखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. गाडी कशीबशी कडेला घेतली, सगळ्यांना खाली उतरवले आणि बॅटरीचे टर्मिनल हाताने उपटून काढले. ते सैल होते म्हणून निघाले. एरवी तो दोषच, त्या रात्री मात्र उपयोगी पडला.

वाचकहो, चूक माझीच होती. प्रकाश मंद पडतो म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० वॅटचे घातले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी हेच केले असेल. म्हणून दिवा मंद का जळतो, हे आधी समजून घेऊ.

विहिरीपासून लांबच्या वावरात अर्ध्या इंचाच्या नळीने पाणी नेले, तर टोकाला धार किती पडेल? मोटार कितीही चांगली असो, नळीच पाणी अडवते. दिव्याचेही तसेच आहे. जुन्या गाडीत बॅटरीतून निघालेली वीज चावीकडे जाते, तिथून बटणाकडे, बटणातून डिपरच्या स्विचकडे आणि मग वळसा घालून पुढच्या दिव्यांकडे. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर खेचतात, इंजिन चालू असताना १० धरा. एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीतून १० अँपिअर नेले, तर वायरीतच सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात. शिवाय बटणाचे काजळलेले पॉइंट, गंजलेली अर्थिंग, यांचा हिशेब वेगळा.

व्होल्टेज थोडे घटले की प्रकाश फार घटतो, ही यातली मेख आहे. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के कमी होतो. आमच्या जीपला नंतर मीटर लावून पाहिला. इंजिन चालू, दिवे लावलेले, बॅटरीवर १३.४ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर ११.६. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड वायरीनेच खाल्लेला. अशा वायरीवर मोठा बल्ब लावला की तो आणखी वीज ओढतो, वायर आणखी तापते आणि उजेड अपेक्षेइतका वाढतच नाही. होल्डर वितळतो तो वेगळाच, आणि समोरच्या गाडीवाल्याचे डोळे दिपतात.

यावर उपाय रिलेचा. नाव नवे वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. आपण हिरवे बटण दाबतो तेव्हा मोटारीची सगळी वीज त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला जागे करते. कॉइल लोखंडी पट्टी ओढते आणि जाड पॉइंट जुळून मोटारीला वीज मिळते. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान असा गाडीचा स्टार्टरच. त्याच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही. जुनी वायर आणि जुने बटण एवढे ओझे सुखाने वाहतात. दिव्याची वीज मात्र बॅटरीपासून जवळच्या वाटेने, जाड वायरीतून जाते.

रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. १, २, ३, ४ का नाहीत, असे मलाही वाटले होते. हे आकडे जर्मन पद्धतीतले आहेत आणि आता सगळीकडे तेच चालतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती दिव्याला जाते. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. त्यांतल्या एकाला हेडलाइटच्या होल्डरमधून काढलेली जुनी वायर आणि दुसऱ्याला अर्थ द्यावा. अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक, असे दोन रिले घ्यावेत.

आता फ्यूज. तो बल्बच्या राखणीसाठी असतो असा समज आहे. फ्यूज राखतो वायरीला. बल्ब गेला तर नुकसान थोडेच, पण बॅटरीची उघडी वायर पत्र्याला टेकली तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते आणि जवळच डिझेलची नळी असते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो. दोन्ही रिलेंना १५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा. डिपरचा फ्यूज उडाला तरी अप्पर शाबूत राहतो आणि घरी पोचता येते. आमच्या जीपमध्ये हेडलाइटला फ्यूजच नव्हता. फ्यूज उडाला की तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी राखणदाराला हाकलून दार उघडे टाकलेले असते.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, गाडीसाठी मिळते तीच लवचीक तांब्याची घ्यावी. घरातल्या फिटिंगची एकेरी कडक तार हादऱ्याने तुटते. दिव्याच्या अर्थिंगलाही तेवढीच जाड वायर हवी. ती नुसती रंगाच्या बोल्टाखाली दाबू नये. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बसवावी, नाहीतर सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घालावे. रिले सायलेन्सरपासून लांब आणि पाय खाली करून लावावा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे आणि शेवटी तेच जोडावे. बोटातली अंगठी, हातातले कडे काढून ठेवावे. पान्याबरोबर कडे टेकले तर हात भाजतो. हे काम जमणार नाही असे वाटले, तर गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडे जावे. पण फ्यूज कुठे बसवणार, हे त्याला आधी विचारावे.

ट्रॅक्टरवाल्यांनी आधी आपली वायरिंग नीट पाहावी. नव्या यंत्रांत रिले कारखान्यातूनच आलेले असतात, काहींना एलईडी दिवे असतात. तिथे ही उठाठेव नको, गॅरंटीवरही पाणी पडायचे. जुन्या ट्रॅक्टरला मात्र याचा गुण येतो. उसाच्या हंगामात रात्री ट्रॉली ओढणाऱ्यांनी पुढच्या दिव्याबरोबर ट्रॉलीचे मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टरही पाहावेत. ते उसाच्या शेंड्यांआड झाकलेले असतात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसतच नाही.

आमच्या जीपला नव्या वायरीनंतर तेच ६०/५५ चे बल्ब घातले. पिनांवर १३ व्होल्ट मिळाले. पहिल्या रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, बल्ब मोठे घेतले का?" उजेड वाढला की दिव्यांची दिशा पुन्हा लावून घ्यावी लागते. मागे माणसे आणि पोती भरलेली असताना गाडीचे नाक वर होते, म्हणून नेहमीचे ओझे ठेवूनच ती भिंतीसमोर लावावी.

काम झाल्यावर दिवे अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक सांध्याला बोट लावून पाहावे. कुठे गरम लागले तर तो सांधा सैल आहे. दिवे बंद करून तो उघडावा आणि पुन्हा घट्ट करावा. १५ अँपिअरचे चार फ्यूज डबीत घालून गाडीतच ठेवावेत.