दीर्घकालीन परिचर्या सेवा

वार्धक्य, जुनाट विकार, अपघात वा जन्मजात व्यंग यांमुळे स्नान, भोजन, वस्त्रधारण, हिंडणे-फिरणे यांसारखे दैनंदिन व्यवहार स्वतः करू न शकणाऱ्या व्यक्तींना दीर्घकाळ पुरविण्यात येणारे साहाय्य. अशा व्यक्तीची गरज एकसंध असते. ती भागविणाऱ्या शासकीय सेवा मात्र निरनिराळे कायदे व खाती यांत विखुरलेल्या असतात. त्यांचे सुसूत्रीकरण हा या क्षेत्रातील मुख्य प्रश्न होय. जपानमधील परिचर्या-विमा योजना हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

पूर्वस्थिती : जपानमध्ये १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्यानुसार घरगुती मदतनीस व परिचर्यागृहे यांची सोय होती. तिचा लाभ कोणाला द्यावयाचा, हे स्थानिक शासन मिळकतीची चौकशी करून ठरवी. वृद्धांच्या आरोग्यसेवा १९८२ च्या स्वतंत्र कायद्याखाली आल्या. रुग्णालयातील प्रवेश तुलनेने सुलभ असल्याने उपचारांची गरज संपलेले अनेक वृद्ध तेथेच दीर्घकाळ राहत. यास ‘सामाजिक रुग्णालयवास’ असे नाव पडले. घरी राहणाऱ्यांचा भार मुख्यत्वे पत्नी, सुना व मुली यांच्यावर पडे.

विमा योजना : १९९७ मध्ये संमत झालेला परिचर्या-विमा कायदा १ एप्रिल २००० पासून अंमलात आला. त्यानुसार नगरपालिका ही विमाकर्ती संस्था असून ४० वर्षांवरील रहिवाशांना वर्गणी भरावी लागते. लाभार्थींचा हिस्सा वजा जाता उरणाऱ्या खर्चापैकी निम्मा वर्गणीतून व निम्मा करांतून भागविला जातो. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना कारण कोणतेही असो, तर त्याहून लहान विमेदारांना वार्धक्याशी निगडित अशा ठराविक विकारांमुळेच लाभ मिळतो.

अर्ज आल्यावर तपासनीस घरी जाऊन ठराविक प्रश्नावलीनुसार पाहणी करतो. तिच्या व वैद्यांच्या अभिप्रायाच्या आधारे तज्ञमंडळ गरजेची श्रेणी ठरविते. २००६ पासून अशा सात श्रेणी आहेत. श्रेणीनुसार घरपोच सेवांची मासिक मर्यादा निश्चित होते. त्यानंतर परिचर्या-व्यवस्थापक सेवांचा आराखडा तयार करतो, मदतनीस, परिचारिका, दिवसकेंद्र इत्यादींशी संपर्क ठेवतो आणि नियमित भेटी देतो. या आराखड्याचे शुल्क लाभार्थीकडून घेतले जात नाही. सेवांच्या खर्चाचा एक दशांश हिस्सा तो भरतो. अधिक मिळकत असणाऱ्यांसाठी हे प्रमाण २०१५ मध्ये दोन दशांश व २०१८ मध्ये काहींसाठी तीन दशांश करण्यात आले. २००६ पासून स्थानिक साहाय्य केंद्रांत सार्वजनिक आरोग्य परिचारिका, समाजकार्यकर्ता व ज्येष्ठ परिचर्या-व्यवस्थापक एकत्र काम करतात.

मर्यादा : अनेक व्यवस्थापक सेवा पुरविणाऱ्या संस्थांचेच नोकर असल्याने त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेतली जाते. शिवाय अपंगांच्या सेवा वेगळ्या कायद्याखाली आहेत. लाभार्थीस पासष्ट वर्षे पूर्ण होताच परिचर्या-विम्याला अग्रक्रम मिळतो. परिणामी व्यंग तेच असूनही सेवासंस्था बदलण्याची आणि पूर्वी न भराव्या लागणाऱ्या खर्चाचा वाटा उचलण्याची पाळी काहींवर येते. २०१८ मध्ये एकाच संस्थेस दोन्ही प्रकारच्या सेवा देणे सुलभ करण्यात आले आणि ठराविक अल्प मिळकतीच्या लाभार्थींना त्यांचा वाटा परत देण्याची तरतूद झाली. दोन्ही कायद्यांतील भेद मात्र कायम आहे.