अंगठी आली, वरात निघाली नाही
(लेखांक सातवा)

या लेखमालेतली पुढची नायिका मेरी रिचर्ड्स, तिला आणखी एक आठवडा मिनियापोलिसच्या थंडीत ताटकळावं लागणार आहे. मागच्या लेखाच्या शेवटी तिचं आगमन जाहीर झालं होतं, टिपणंही तयार होती. पण मध्येच एका वाचकबाईंचं पत्र आलं. पत्रात प्रश्न दोनच. ‘फ्रेंड्स’मध्ये रेचेलची आई झालेली बाई म्हणजे ‘दॅट गर्ल’मधली अ‍ॅन मरीच ना? आणि पाच वर्षं तिच्या मागेपुढे करणाऱ्या त्या बिचाऱ्या डॉनल्डशी तिचं लग्न शेवटी लागलं की नाही?

पहिल्याचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘नाही’. पण हे ‘नाही’ एका ओळीत उरकण्यासारखं नाही.

आधी रेचेल. ‘फ्रेंड्स’ १९९४ साली सुरू झाली तीच मुळी लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात मांडवातून पळून आलेल्या रेचेलपासून. नवरदेव तिकडे, ही इकडे न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात. आणि पुढे तिथेच ट्रे घेऊन फिरायची नोकरी. दुसऱ्या सीझनमध्ये तिची आई सँड्रा तिला भेटायला येते, लेकीचं हे स्वतंत्र बिऱ्हाड डोळे भरून पाहते आणि आपणही आता नवऱ्याला सोडणार असल्याचं जाहीर करते. लेकीने जे लग्न टाळलं, तसलंच लग्न आपण करून बसलो, असा तिचा हिशेब. ही सँड्रा म्हणजे मार्लो थॉमस. हीच बाई १९६६ साली ‘दॅट गर्ल’ मालिकेत अ‍ॅन मरी होऊन ब्रूस्टर नावाच्या गावातून आईवडिलांचं घर सोडून न्यूयॉर्कला आली होती, नटी व्हायला. सुरुवातीच्या शीर्षकांत दुकानाच्या काचेमागचा पुतळा तिला डोळा मारतो आणि तिचा चेहरा असलेला पतंग आकाशात चढतो. रेचेलची आई म्हणून दुसरी कुठलीही नटी चालली असती, पण इतकी शोभली नसती.

आता डॉनल्ड. त्याची दया येते हे खरं. ‘न्यूजव्ह्यू’ मासिकातला हा लेखक (टेड बेसेल) पहिल्याच भागात तिला वाचवायला धावतो. अ‍ॅन एका जाहिरातीचं चित्रीकरण करत असते. हा समजतो, बाईवर खराच हल्ला झालाय! जिला वाचवायची गरजच नाही तिला वाचवायला धावणारा नायक. मालिकेचा सगळा सूर त्या एका प्रसंगात लागलेला आहे, असं प्रस्तुत लेखकाचं जुनं मत आहे. पुढे गरज पडलीच नाही असं मात्र नाही. अ‍ॅनच्या पायाचा अंगठा बोलिंगच्या चेंडूत अडकतो तो भाग पाहावा. कार्यक्रमाला जायची वेळ झालेली आणि पायाला तो जडशीळ गोळा! तो भाग सामाजिक क्रांती म्हणून पाहू नये, हसण्यासाठी पाहावा.

तरीही ८ सप्टेंबर १९६६च्या गुरुवारी, पहिला भाग आला तेव्हा, या मालिकेचा शेजार कोणता होता, ते ध्यानात घेतलं तर अ‍ॅनचं साधेपण किती धाडसाचं होतं ते कळतं. एबीसी वाहिनीवर रात्री नऊला ‘बिविच्ड’, तिच्यामागोमाग साडेनऊला ‘दॅट गर्ल’. ‘बिविच्ड’मधली समँथा चेटकीण, नाक हलवलं की घर लख्ख करू शकेल, पण नवऱ्याला आवडत नाही म्हणून विद्या लपवून झाडू मारणारी. एनबीसीवर तेव्हा ‘आय ड्रीम ऑफ जिनी’ चालू होती. तिची नायिका बाटलीत राहणार आणि घरच्या पुरुषाला ‘मास्टर’ म्हणणार. म्हणजे हातात काही शक्ती असलेल्या या दोन बायका, एक चेटकीण आणि एक जिन. त्यांच्यानंतर पडद्यावर येते एक पोरगी, जिच्याकडे जादू तर नाहीच, महिन्याचं भाडं भरायचीही खात्री नाही. (त्याच संध्याकाळी एनबीसीने ‘स्टार ट्रेक’ही सुरू केली. अंतराळाचा प्रवास आणि ब्रूस्टर ते न्यूयॉर्क हा प्रवास एकाच दिवशी निघाले.)

एकटी राहणारी मुलगी दाखवायची तर सोबतीला निदान एखादी मावशी तरी द्यावी, असं वाहिनीचं म्हणणं होतं. मार्लोने ते मानलं नाही. आपल्याकडे ‘घरात कुणी मोठं माणूस नाही का?’ हा प्रश्न पुसणारे शेजारी असतात. तिकडे ते काम वाहिनीचे अधिकारी करत होते. तडजोड एवढीच झाली, की डॉनल्ड रात्री आपल्या घरी जायचा. शिवाय हॉटेल चालवणारे वडील लू मरी (ल्यू पार्कर) कधीही दारात उभे राहतील, ही धास्ती होतीच.

मालिकेची सूत्रं मार्लोच्याच हातात होती. निर्मिती तिच्या ‘डेझी प्रॉडक्शन्स’ची, कल्पना तिची, आणि पडद्यावर निर्माती म्हणून नाव मात्र नाही. लेखन-निर्मितीचं श्रेय बिल पर्स्की आणि सॅम डेनॉफ या जोडीचं. तो मान त्यांचाच, कारण संवादांची लय त्यांची आहे. पण कथाविभागात रूथ ब्रूक्स फ्लिपन यांच्यासारखी अनुभवी लेखिका बसलेली होती, हे विसरायला नको. मुलगी घरी आल्यावर चपला कुठे भिरकावते, फोन कसा धरते, असल्या गोष्टी पडद्यावर खऱ्या वाटाव्यात तर खोलीत एखादी बाई असावीच लागते.

आणि मग आली अंगठी.

सप्टेंबर १९७०, पाचव्या सीझनची सुरुवात. डॉनल्डने मागणी घातली, अ‍ॅनने होकार दिला. प्रेक्षक खूश, वाहिनी खूश, केसांची उत्पादनं विकणारी प्रायोजक कंपनी क्लेरॉल तर फारच खूश. शेवटच्या भागात थाटाचं लग्न लावावं, असा त्यांचा आग्रह. टीव्हीवरचं लग्न म्हणजे हमखास गर्दी. लग्नात जेवायला नाही, तरी बघायला सगळे येतात. मार्लो म्हणाली, लग्न होणार नाही. या मालिकेकडे बघून घराबाहेर पडायचं धाडस करणाऱ्या मुलींना शेवटी ‘सुख म्हणजे लग्नच’ एवढंच सांगायचं असेल, तर आधीची चार वर्षं कशासाठी, हा तिचा मुद्दा.

हा नुसता हट्ट नव्हता. तिच्याकडे येणारी पत्रं केवळ सह्या मागणाऱ्यांची नव्हती. कुणी लग्नाआधी गरोदर राहिलेली पोरगी, कुणी नवऱ्याचा मार खाणारी बाई. कुठे जावं, कुणाला सांगावं, असं त्या एका विनोदी मालिकेतल्या नटीला विचारत होत्या. मार्लोने मदतीची ठिकाणं शोधायचा प्रयत्न केला तेव्हा अशी ठिकाणं फारशी नाहीतच, हे तिला कळलं. १९७३ साली स्त्रीवादी नेत्या ग्लोरिया स्टायनम वगैरेंबरोबर ‘मिस फाउंडेशन फॉर विमेन’ उभारणाऱ्यांत ती होती, त्याचं मूळ या टपालात आहे.

बाहेरही हवा बदलली होती. त्या साखरपुड्याच्या महिनाभर आधी, २६ ऑगस्ट १९७० रोजी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला होता. अ‍ॅन मरीच्या त्याच शहरात.

१९ मार्च १९७१ला १३६ भागांची मालिका संपली ती अशी: अ‍ॅन आपल्या होणाऱ्या नवऱ्याला स्त्रीमुक्तीच्या बैठकीला घेऊन निघते आणि दोघं लिफ्टमध्ये अडकतात. अडकल्या अडकल्या जुन्या आठवणी निघतात, म्हणजे जुन्या भागांचे तुकडे. निरोपाचा भाग म्हणून हा तसा आळशी मामला आहे. खर्च वाचवायची जुनी युक्ती. पण बँडबाजा नाही, फुलं नाहीत. मार्लोने स्वतः लग्न केलं ते १९८० साली, फिल डोनाह्यू या मुलाखतकाराशी, बेचाळिसाव्या वर्षी. वडील डॅनी थॉमस तिला ‘मिस इंडिपेंडन्स’ म्हणत. मालिकेचं आधी ठरलेलं नावही तेच.

डॅनींचा विषय निघाला आहे तर मेरीकडे जाणारी पायवाट दाखवून ठेवायला हरकत नाही. डॅनी थॉमस स्वतः विनोदी नट, त्यांचं नाक ही त्यांची ओळख. आपल्या मालिकेत थोरल्या मुलीच्या भूमिकेसाठी आलेल्या एका तरुणीला त्यांनी परत पाठवलं, कारण इतक्या लहान नाकाची मुलगी आपली म्हणून कुणाला पटणार! पुढे ‘द डिक व्हॅन डाइक शो’साठी नायिका शोधताना त्यांना ती आठवली. नाव आठवेना, तीन शब्दांचं होतं एवढंच लक्षात. शोधून आणली. ती मेरी टायलर मूर. तिच्या स्वतःच्या मालिकेचा पहिला भाग सीबीएसवर आला १९ सप्टेंबर १९७०ला, म्हणजे ज्या महिन्यात अ‍ॅनच्या बोटात अंगठी आली, त्याच महिन्यात. आणि त्या मालिकेची नायिका मेरी रिचर्ड्स मिनियापोलिसला आली होती ती जुळलेलं मोडून. लेखकांना खरं तर ती घटस्फोटित हवी होती. वाहिनीला ते झेपलं नाही. ती भानगड पुढच्या आठवड्यात, मध्ये आणखी पत्र आलं नाही तर.