चार काटे, एक गाडी

सकाळी ६. मे महिन्यात चंदीगडचं डांबर नऊनंतर भाजतं, म्हणून सेक्टर १७चा बाजार उघडायच्या आत पार्किंगमध्ये चाचणी. गाडी एका कॉलेजकुमाराची, रिमोटवर चालणारी १:१० टूरिंग. डावीकडे वळताना नाक बाहेर सरकतं, उजवीकडे वळताना मागची बाजू निसटते. पोराने तीन जोड स्प्रिंग बदलून पाहिल्या. वजन मात्र केलेलं नाही!

८. घरी. शॉक सोडवून प्रत्येक आर्म उचलून सोडला. स्वतःच्या वजनाने तो पडलाच पाहिजे. मागचा उजवा अर्ध्यात अडला, पिनमध्ये रेती. पुसला.

९.३०. टेबलावर जाड काच, पाणसळ लावून सपाट केलेली. तिच्यावर ग्रॅममध्ये मोजणारे चार काटे. आधी एकच वजन चारही काट्यांवर ठेवून ते पारखले. अँटी-रोल बार सोडवले. बॅटरी आणि बॉडी मात्र जागेवर. गाडी दोनदा दाबून सोडली, मग आकडे: पुढे डावं ३३८, उजवं ३५२, मागे डावं ३५०, उजवं ३२०. डावी बाजू ६८८, उजवी ६७२. खरी गोम कर्णात: ६५८ विरुद्ध ७०२.

तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. चौथा पाय आला की भांडण सुरू. शॉकची कॉलर फिरवून वजन फक्त कर्णावर सरकतं. डाव्या-उजव्या बाजूची बेरीज तिला बधत नाही, त्यासाठी वस्तूच हलवावी लागते. सुमारे ३०० ग्रॅमची बॅटरी ४ मिमी उजवीकडे घेतली: ६८१–६७९. मग पुढची डावी आणि मागची उजवी कॉलर किंचित आवळली, उरलेल्या दोन तेवढ्याच सैल केल्या. म्हणजे उंची बिघडत नाही. कर्ण ६७८ आणि ६८२. चार ग्रॅमसाठी दुपार घालवण्यात अर्थ नाही.

१. राजमा-चावल.

४. बार परत जोडले. दोन्ही दुव्यांची लांबी सारखी नसली तर सकाळची मेहनत पाण्यात. म्हणून एक चाक उचलायचं आणि दुसरं कधी हलतं ते बघायचं. मग उलट बाजूने तेच.

६.३०. औद्योगिक भागातल्या बंद गोदामासमोर. जमिनीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून दोन्ही दिशांनी फेऱ्या. दोन्ही वळणं आता जवळजवळ सारखी.

“अंकल, पीछे सॉफ्ट स्प्रिंग डालें?”

म्हटलं, आधी याच सेटिंगवर दोन बॅटऱ्या संपव.