योजनेतून ‘नाही’ आलं, आता पुढं काय?

मुरगूडहून बोलतोय. ज्यांना एसटीत रेंज नव्हती त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी.

समजा, आईचं ऑपरेशन ठरलंय आणि दवाखान्यातले आरोग्यमित्र म्हणतात, “महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत नाही.” लगेच दागिने गहाण टाकू नका. आधी कारण विचारा. आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेज वाचल्याशिवाय कोडला हात लावत नाही, तसंच.

कारणं साधारण तीन.

एक, कागद. रेशनकार्डावर नाव नाही किंवा ते आधारशी जुळत नाही. हे आरोग्यमित्रांच्या हातात नसतं, कागलच्या तहसील कार्यालयात पुरवठा विभाग गाठा. आणि “तुमचं कार्ड पांढरं आहे” म्हणून कुणी परत पाठवलं, तर सांगा की १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

दोन, तो उपचार यादीत नाही, किंवा त्या दवाखान्याला त्याची मान्यता नाही. मग दुसरा दवाखाना बघा. कोल्हापूरच्या सीपीआरमध्येही चौकशी करा.

तीन, पूर्वपरवानगी नाकारली. बऱ्याचदा एखादा रिपोर्ट कमी असतो. डॉक्टरांना तो जोडून परत पाठवायला सांगा.

तरी अडलं, तर १५५३८८ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. सोबत योजनेच्या जिल्हा समन्वयकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो.

आता मधला काळ. घरात कुणी ७० च्या पुढचं असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांचं कव्हर आहे, माहिती १४५५५ वर. तुमच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावं घालता येतात का, एचआरला विचारा.

चालू पॉलिसी मात्र अपिलाचा निकाल लागेपर्यंत बंद पाडू नका. कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस साधारण काहीच मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या ऑपरेशनसाठी आज घेतलेली पॉलिसी उपयोगाची नाही.

घरच्यांचं रेशनकार्ड आज रात्रीच बघा, सगळी नावं आहेत ना? हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!